शांततेचे मोल

दोन वर्षांपूर्वी काही आठवडे लॉस एंजेलिस शहरात आमच्या मावसभावाकडे राहण्याचा योग आला. वसईच्या वाडीत लहानाचा मोठा झालेला हा गृहस्थ गेली तीस वर्षे तिकडे स्थायिक आहे. पहिल्याच गुरुवारी सकाळी आम्ही अंगणाकडच्या खोलीत वाचत बसलो असता अचानक असा आवाज उठला, की पुस्तक हातातून खाली ठेवावे लागले. भिंतीपलीकडे कोणी जुनी रिक्षा उभी करून तिचा कान पिळत आहे, असेच वाटले. खिडकीतून पाहिले तर पाठीवर यंत्र बांधलेला एक मध्यमवयीन माळी हातातील नळीने वाळलेली पाने कुंपणाच्या कडेला उडवीत होता. कानांवर काही नव्हते. तोंडाला रुमाल होता.

भावाने खिडकी ओढून घेतली आणि सहज सांगितले, “दादा, खरं तर या यंत्राला इथं बंदी आहे. आजची नाही, 1998 पासूनची.”

आम्ही चकित झालो. बंदी आहे तर मग हे काय चालले आहे? त्यावर त्याचे उत्तर असे, की तक्रार करावी तर हा बिचारा काम सोडून जाईल, आणि बॅटरीचे यंत्र वापरणारा दुसरा माळी येईल तो जास्त पैसे मागेल. पुढे तो काही बोलला नाही. वहिनींनी चहा आणला आणि विषय बदलला. आमच्या मनातून मात्र तो गेला नाही.

आधी यंत्राविषयी थोडे सांगितले पाहिजे. अमेरिकेत पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात, तेव्हा ‘गॅसवरचा ब्लोअर’ म्हणजे आपल्या भाषेत पेट्रोलचा ब्लोअर. शेतात औषध फवारण्याच्या, पाठीवर बांधायच्या पंपाचा हा भाऊबंद. त्याचे इंजिन बहुधा टू-स्ट्रोक, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या स्कूटर-रिक्षांसारखे पेट्रोलमध्येच वंगणतेल मिसळून चालणारे. या जातीच्या इंजिनात इंधनाचा मोठा भाग न जळताच धुराबरोबर बाहेर पडतो. कॅलिफोर्निया राज्याच्या हवा नियंत्रण मंडळाचा हिशेब असा आहे, की बाजारात सर्वाधिक खपणारा व्यावसायिक ब्लोअर एक तास चालवला तर धुरके निर्माण करणारे जेवढे प्रदूषण होते, तेवढे व्हायला 2016 सालची टोयोटा कॅम्री मोटार सुमारे 1100 मैल चालवावी लागेल. लॉस एंजेलिसहून डेन्व्हरला जाण्याइतके हे अंतर आहे. आवाजाचेही तसेच. त्यातील खालच्या पट्टीचा घरघराट भिंती भेदून दूरवर जातो. आजारी माणसाला, रात्रपाळी करून झोपलेल्याला, पाळण्यातल्या बाळाला तो टाळता येत नाही.

असे यंत्र लोकांनी जवळ केले तरी कसे? त्यामागे एक सद्‌हेतू होता, ही गोष्ट आम्हांला विलक्षण वाटते. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियात कडक दुष्काळ पडला. तोवर घरापुढचा फरसबंद भाग पाण्याच्या नळीने धुऊन काढण्याची रीत होती. पाण्याच्या नासाडीला आळा घालण्यासाठी तिच्यावर निर्बंध आले. पाणी वाचले आणि त्याच्या जागी वारा आला. एका योग्य निर्णयाचे ओझे असे हवेवर आणि कानांवर पडले. तिकडची समुद्रकाठची कार्मेल ही चिमुकली नगरी मात्र एवढी सावध, की तिने 1975 मध्येच या यंत्रावर बंदी घातली.

लॉस एंजेलिसची गोष्ट वेगळी. तेथील नगरपरिषदेने 1996 मध्ये घरांपासून 500 फुटांच्या आत पेट्रोलचा ब्लोअर चालवण्यास मनाई केली. मूळ ठरावात शिक्षा होती एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास. पाने उडवल्याबद्दल तुरुंग! ज्यांच्यावर हे संकट कोसळणार होते ते माळी बहुतांशी मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेले. बंदीच्या बाजूने बोलणाऱ्यांत चित्रपट-दूरचित्रवाणीतील काही नामांकित मंडळीही होती. 1998 च्या जानेवारीत या माळ्यांपैकी काहीजण नगरभवनासमोर उपोषणाला बसले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. याच कॅलिफोर्नियात 1968 साली शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांनी 25 दिवस उपवास केला होता. चावेझ श्रद्धावान कॅथलिक. उपवासाचे मर्म त्यांनी आपल्या धर्मपरंपरेतून घेतले तसेच गांधीजींकडूनही. डेलॅनो गावी मिस्सा झाल्यावर, सिनेटर रॉबर्ट केनेडी शेजारी असताना, भाकरीचा तुकडा घेऊन त्यांनी उपवास सोडला. तेव्हा तीस वर्षांनी नगरभवनासमोर बसलेल्या माळ्यांच्या हाती हे साधन नवे नव्हते. आपल्या मातीतली एक गोष्ट समुद्र ओलांडून, द्राक्षमळ्यांतून फिरून, पाने झाडणाऱ्यांपर्यंत पोचली होती.

त्यांची मागणी काय होती? धूर आणि गोंगाट चांगला, असे त्यांतील कोणीच म्हणत नव्हते. ते म्हणत होते, आमचे पोट यावर आहे. कायदा अखेर 1998 च्या फेब्रुवारीत अंमलात आला. तुरुंगाची तरतूद गळाली, दंड घटून किरकोळ झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एखादी गोष्ट वाईट आहे हे ठरले आणि ती थांबवली पाहिजे हेही ठरले, तर ती थांबवण्याचा खर्च कोणी सोसायचा? साधारणपणे ज्याच्या हातात ती वस्तू दिसते त्याच्याकडे आपले बोट जाते. ब्लोअर माळ्याच्या पाठीवर असतो, म्हणून दोषी माळी. परंतु हिरवळीवर एकही पान दिसता कामा नये, ही इच्छा कोणाची? त्याची नव्हे. त्याच्या स्वतःच्या भाड्याच्या खोलीपुढे कदाचित हिरवळच नसेल. यंत्र आले तेव्हा दिवसाला चार बागा करणारा माळी आठ-दहा करू लागला, आणि मजुरीचे दर त्या वेगावर बेतले गेले. म्हणजे यंत्राने वाचवलेला वेळ स्वस्ताईच्या रूपाने मालकाच्या पदरात पडला. आता यंत्र काढून घ्या, हाती दाताळे आणि खराटा द्या, अथवा महागडे विजेचे यंत्र घ्यायला लावा; आणि दर मात्र तेच ठेवा. असे केले तर मालकाला शांतता फुकट मिळते आणि तिची किंमत माळी आपल्या पाठीने भरतो.

प्रायश्चित्त ज्याचे त्याने करायचे असते, हे आम्ही लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो. आपण चूक करावी आणि शेजाऱ्याने उपाशी राहावे, ही कल्पना त्या वयातही हास्यास्पद वाटली असती. मोठेपणी कायदे करताना मात्र ती आपल्याला सहज पटते.

याची दुसरीही एक बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर आम्ही अप्रामाणिक ठरू. माळ्याच्या नावाने गळा काढून बंदीला विरोध करणाऱ्यांत असे अनेकजण असतात, ज्यांना त्याच्या कानांची फिकीर नसते. या यंत्राचा पहिला बळी तोच आहे. शेजारी पाव तास त्रासतात. तो दिवसभर त्या आवाजाला चिकटलेला असतो, न जळलेले पेट्रोल त्याच्याच नाकात जाते. त्याची गरिबी पुढे करून त्याचे आजारपण चालू ठेवणे ही दया नव्हे. म्हणून बंदी चूक होती, असे आम्हांस म्हणवत नाही. ती हवीच होती. ती अर्धी केली गेली, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पुढच्या काळात थोडी सुधारणा दिसते. राजधानी वॉशिंग्टनने 2018 साली कायदा केला, परंतु पेट्रोलच्या ब्लोअरवरील बंदी अंमलात आणली 1 जानेवारी 2022 रोजी. मधली वर्षे लोकांना तयारीसाठी मिळाली. कॅलिफोर्निया राज्याने 2021 मध्ये कायदा केला आणि 2024 पासून बागकामाच्या अशा नव्या पेट्रोल यंत्रांच्या विक्रीला पायबंद घातला. जुने यंत्र मात्र कोणाच्या हातून काढून घेतले नाही. लहान व्यावसायिकांना विजेची यंत्रे घेता यावीत म्हणून तीन कोटी डॉलर बाजूला काढले. एवढ्या अफाट राज्यात ही रक्कम पुरेशी नव्हे, पण ओझे वाटून घ्यायचे असते हे निदान मान्य झाले.

विजेच्या यंत्राने सर्व पापे धुतली जातात असेही नाही. बॅटरीसाठी लागणाऱ्या कोबाल्टचा निम्म्याहून अधिक पुरवठा आफ्रिकेतील काँगोतून होतो, आणि तेथील काही खाणींत लहान मुलेही राबतात. तरीही तासातासाला धूर ओकणारे यंत्र आणि वर्षानुवर्षे चालणारी बॅटरी यांना एका मापाने मोजणे बरोबर नाही. सर्वांत निरुपद्रवी उपाय अर्थात पाने झाडांखाली राहू देण्याचा. वाडीत केळी-माडांच्या आळ्यात पाचोळा घालणाऱ्या आमच्या आजीला पाने हाकलण्यासाठी यंत्र असते हे सांगितले असते, तर तिने आमच्याकडे कोणत्या नजरेने पाहिले असते याची कल्पना करवत नाही.

लॉस एंजेलिसच्या त्या कायद्यात एक वाक्य आहे. ब्लोअर चालवणारा आणि त्याला कामावर लावणारा, असे दोघेही त्या कायद्याने बांधलेले आणि दंडाला पात्र आहेत. आमच्या भावाला हे ठाऊक नव्हते. आम्ही दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. तीस वर्षे ज्याच्याकडे तो दयेने पाहत आला होता, त्याच्या शेजारीच कायद्याने त्याला उभे केले होते.

पुढच्या गुरुवारी त्याने माळ्याला आत बोलावले. वहिनींनी सरबत दिले. महिन्याचे एकशेवीस डॉलर होते ते एकशेसाठ करू, वेळ लागला तरी चालेल, पण आमच्याकडे हे यंत्र नको, असे भावाने मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितले. माळी हसला. बॅटरीचे यंत्र त्याने दुकानात पाहिले होते. दिवसभर पुरतील एवढ्या बॅटऱ्या घ्यायच्या तर चार-पाच तरी लागतील, असे तो म्हणाला. तुमच्या एका घरावर ते परवडणार नाही, माझी अकरा घरे आहेत, बाकीच्या दहांना कोण सांगणार? मग त्याने गाडीतून दाताळे काढले आणि आमचे अंगण तासाभरात हाताने स्वच्छ केले. काम संपवून, टोपीला हात लावून तो शेजारच्या फाटकातून आत गेला, आणि दोनच मिनिटांत कुंपणापलीकडून तो आवाज पुन्हा सुरू झाला.