जुना ट्रेलर, नवा रंग

होडी वाहून नेण्याचा जुना ट्रेलर दुरुस्त करून विकायचा असेल, तर गिऱ्हाइकाने न विचारलेली गोष्ट आपण होऊन सांगावी काय? प्रश्न साधा दिसतो, पण चार मंडळी जमली की यावर लगेच दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, घेणाऱ्याला डोळे आहेत, त्याने पाहून घ्यावे. दुसरा म्हणतो, सांगितलेच पाहिजे. मी दुसऱ्या पक्षाचा आहे. परंतु नुसते सांगून आपले काम संपते असे मला वाटत नाही, म्हणून हे चार शब्द लिहीत आहे.

कोकणात आपल्या वाडवडिलांच्या गावी ट्रेलर नव्हता. पावसाळ्यापूर्वी होडी ओंडक्यांवरून, दहापाच जणांनी जोर लावून किनाऱ्यावर ओढायची आणि झावळ्यांनी शाकारून ठेवायची. ओंडका मोडला तर दुसरा आणला. होडी वाळूत बसे, कोणाच्या अंगावर जात नसे. इथे इस्राएलमध्ये ज्यांच्याकडे लहानशी मोटरबोट आहे ते ती ट्रेलरवर घालून मोटारीमागे हमरस्त्याने नेतात. हिब्रूत ट्रेलरला निग्रार म्हणतात, म्हणजे ओढले जाणारे. नाव अगदी योग्य आहे. त्याला ना स्वतःचे इंजिन ना सुकाणू, आणि लहान ट्रेलरला बहुधा ब्रेकही नसतो. त्याचे सगळे पापपुण्य ओढणाऱ्याच्या माथी.

हा ट्रेलर खराब कसा होतो ते पाहा. बैलगाडीच्या चाकाला जसा तुंबा, तसा इथे हब. लांबून येताना तो तापलेला असतो. बोट उतरवण्यासाठी ट्रेलर मागे मागे घेत पाण्यात घातला की हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि रबरी सील झिजलेले असेल तर बाहेरचे खारे पाणी आत ओढले जाते. ग्रीस दुधासारखे पांढरट होते. चाक मात्र पूर्वीसारखेच फिरत राहते. पुढे बेअरिंगच्या रोलरांवर गंजाचे खड्डे पडतात, आणि एखाद्या दिवशी भर रस्त्यात चाक जाम होते किंवा निखळून दुसऱ्याच्या गाडीकडे धावते.

सांगाड्याच्या चौकोनी नळ्यांचेही तेच. पाणी आत साचते, गंज आतून बाहेर येतो, आणि तो दिसेपर्यंत लोखंडाचा पापड झालेला असतो. म्हणून जाणता कारागीर आधी हातोडीने ठोकत जातो. आवाज खणखणीत आला तर पुढे सरकतो, बद्द आला तर तिथे थांबतो. टायरची नक्षी शाबूत असली तरी बाजूला छापलेले चार आकडे वाचतो. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ट्रेलर चालो वा न चालो, उन्हात रबर म्हातारे होतेच.

आता गंमत अशी, की ज्यावर लोकांचे जीव अवलंबून आहेत ते सारे दृष्टीआड आहे, आणि जो डोळ्यांत भरतो तो रंग एका दुपारचे काम. रंगाला मी नावे ठेवीत नाही. गंज खरवडून, स्वच्छ लोखंडावर प्रायमर देऊन लावलेला रंग ट्रेलरचे रक्षणच करतो. पण गंजावर लांबी भरून वर चकचकीत हात मारला, तर ते वरून कीर्तन, आत तमाशा.

मिशनात, बावा मेत्सियाच्या चौथ्या अध्यायात, विकायच्या वस्तू नटवू नयेत असा नियम आहे, आणि त्यात भांडीकुंडीही येतात. गेमारा पुढे खुलासा करते की नव्या वस्तूला सजवायला हरकत नाही, जुन्या वस्तूला मात्र सजवू नये. धान्य फक्त कोठाराच्या तोंडाशीच निवडून ठेवण्यालाही तिथे मनाई आहे, कारण ती दृष्टीची चोरी मानली आहे. तेव्हा घेणाऱ्याला डोळे आहेत म्हणणाऱ्यांना उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे.

पण फसवणूक ही विकणारा आणि घेणारा या दोघांतली गोष्ट झाली. ट्रेलरच्या सौद्यात तिसराही एक माणूस असतो. तो त्याच रस्त्याने आपल्या मुलाबाळांना घेऊन येत असतो आणि त्याला कोणी काही विचारलेले नसते. म्हणून 'सगळे सांगितले, किंमतही उतरवली, आता मी मोकळा' हे मला पटत नाही. बद्द वाजणारी नळी दाखवून स्वस्तात विकली, तरी ती रस्त्यावर जाणारच. खरचटलेल्या रंगाचे, वाकलेल्या मडगार्डाचे दोष सांगितल्याने फिटतात. बेअरिंगचे आणि नळीचे फिटत नाहीत. ते बदलूनच द्यावे, नाहीतर ट्रेलर भंगारात घालावा.

भंगार म्हटले की लोक दुखावतात. पुष्कळदा ट्रेलर वडिलांचा असतो, त्याच्याबरोबर शनिवार-सुट्टीच्या आठवणी असतात. एकेक फळी बदललेले थेसियसचे जहाज तेच राहिले की दुसरे झाले, हे प्लुटार्कने नोंदवलेले कोडे विद्वानांना चघळायला बरे आहे. मला त्यापेक्षा किनेरेतचे कोळी जास्त शहाणे वाटतात. १९८६ साली दुष्काळाने सरोवराचे पाणी हटले, तेव्हा गिनोसार किबुत्सच्या दोन भावांना चिखलात सुमारे २,००० वर्षांपूर्वीची होडी सापडली. आठ मीटरांहून थोडी लांब आहे, आणि आज तिथल्याच यिगाल अलोन केंद्रात पाहायला मिळते. तिच्यात सुमारे १२ जातींची लाकडे आहेत, कारण जे हाताशी आले त्याने तिची पुन्हा पुन्हा डागडुजी झाली. गरिबाघरची होडी ती. तरीही एके दिवशी धन्याने तिची मुदत संपल्याचे ओळखले. कामाचे भाग काढून घेतले आणि सांगाडा सरोवरात सोडून दिला, असे अभ्यासक सांगतात.

वडिलांच्या ट्रेलरची चरखी, आकडा, बोट टेकायचे रोलर असेच नव्या सांगाड्यावर बसवता येतात. ज्यांना जुनाच सांगाडा सांधायचा आहे त्यांनी वेल्डिंगपूर्वी जस्ताचा मुलामा घासून काढावा आणि काम मोकळ्या हवेत करावे. जस्ताच्या धुराने माणसाला ताप भरतो.