प्रथम कोणाकडे जावें?

एका घरांत एकाच सायंकाळीं दोघे आजारी आहेत असें समजा. मुलगा झाडावरून पडून त्याचा हात मोडला आहे. तो आक्रोश करीत आहे व सारें घर त्याच्या भोंवतीं जमलें आहे. पलीकडच्या खोलींत तीन दिवसांच्या तापानें थकलेले आजोबा भिंतीकडे तोंड करून निपचित पडले आहेत. ते कांहीं मागत नाहींत, म्हणून त्यांस झोप लागली असावी असें सर्वांस वाटतें. अशा घरीं बोलावलेली जाणती परिचारिका दोघांकडे एकदां नीट पाहते आणि आजोबांकडे वळते. मुलाची आई रागावते. तो राग अगदींच वावगा आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं, कारण मुलाची वेदना खरी आहे. मग त्यास थांबावयास लावणें हा अन्याय नव्हे काय?

कोणी म्हणेल, प्रीति सर्वांवर सारखी असावी. खरें, परंतु हात दोनच आहेत, आणि कोणाकडे तरी आधीं गेल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपण क्रम न ठरविला तर तो आपोआप ठरतो, आणि कसा ठरतो हें आमच्या गांवांत सर्वांस ठाऊक आहे. जो मोठ्यानें ओरडतो त्याची पाळी पहिली, ज्याच्या घरीं चार पैसे आहेत त्याची दुसरी, आणि सुनेची सर्वांच्या मागून. नेपोलियनच्या सैन्यांतील शल्यवैद्य लॅरे ह्याचा नियम निराळा होता. जखमीची पदवी न पाहतां जखम पाहावी, आणि ज्याच्या जिवास अधिक धोका त्यास आधीं हातीं घ्यावें, मग तो सेनापति असो कीं साधा शिपाई.

मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें, व पुढें तेथें परिचारिकांचें शिक्षणही सुरू झालें. हें शिक्षण जेथें जेथें मिळतें तेथें आज एक क्रम पक्का करवून घेतात: श्वासाची वाट मोकळी आहे काय, श्वास नीट चालतो काय, रक्त वाहून जात आहे काय, नाडी कशी आहे, रोगी शुद्धीवर आहे काय. दुखणाऱ्या हाताची पाळी त्यानंतर. ह्याचें कारण वेळेंत आहे. श्वास बंद पडला तर थोड्याच मिनिटांत मेंदूस कायमची इजा होते. मोडलेलें हाड, बोटें गार किंवा बधिर झालीं नसतील तर, कांहीं वेळ थांबूं शकतें. अधिक मोलाचा कोण, असें परिचारिका विचारीतच नाहीं. ज्यास थांबतां येत नाहीं असा कोण, एवढेंच ती पाहते. आमच्या मतें अन्यायाचा प्रश्न येथेंच सुटतो, निदान बराचसा सुटतो.

न बोलणाऱ्याचा धोका ओळखावा कसा? घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट छातीची हालचाल मोजावी. स्वस्थ पडलेल्या मोठ्या माणसाचे श्वास मिनिटास १२ ते २० असतात. ते २५ किंवा अधिक भरले, अथवा हाक मारूनही तो नीट जागा होत नसला, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. खोकणाऱ्या मुलास एक ते पांच वर्षांपर्यंत ४०, व दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या तान्ह्यास ५०, ही धोक्याची खूण होय.

२०२१ सालच्या करोनाच्या लाटेनें सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांस हें फार कडू रीतीनें शिकविलें. रक्तांतील प्राणवायु धोक्याइतका उतरला असतांही कित्येक रोगी स्वस्थपणें बोलत असत. बोटास यंत्र लाविल्यावांचून कळतच नसे. त्याच दिवसांत महाराष्ट्रांत खाटा व प्राणवायु अपुरे पडले, आणि 'आधीं कोणास' ह्या प्रश्नाचा 'कोणास मुळींच नाहीं' असा प्रश्न झाला. त्याचें सोपें उत्तर आमच्यापाशीं नाहीं.

मार्काच्या पांचव्या अध्यायांतील गोष्ट वाचतांना आम्ही पुष्कळदां अडखळलों आहों. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणोन्मुख असतां प्रभु वाटेंत थांबतो, तोही बारा वर्षें दुखणें सोसलेल्या एका स्त्रीसाठीं. आणि तेवढ्यांत मुलगी मेल्याची बातमी येते. कोणा परिचारिकेनें असें केलें असतें तर आम्हीं तिला दोष दिला असता. मेलेल्यास उठविण्याचें सामर्थ्य ज्याला आहे त्यास विलंबाचें भय नाहीं; आम्हांस आहे, म्हणून आम्हांस क्रम पाळणें प्राप्त आहे. तथापि गर्दींत मागें राहिलेल्या त्या बाईशीं तो बोलला, हें आम्हांसही करतां येण्यासारखें आहे.

कारण थांबलेल्याचें देणें फिटलेलें नसतें. आजोबांकडे वळण्यापूर्वीं आमची परिचारिका आईला सांगते: हात जसा आहे तसाच छातीशीं धरून ठेवा, ओढूं नका, तेल लावून चोळूं नका, बोटें गार पडलीं तर लागलीच हांक मारा, दहा मिनिटांत मी येतें. आजोबांस कुशीवर वळवून, गाडी बोलावून, ती खरोखरच येते, आणि प्रथम मुलाचीं बोटें चाचपून पाहते.