राखण कोणाची?

आमच्या बारामती-इंदापूरकडे पूर्वी गावची राखण रामोशाकडे असे. चोरी झाली की चोराचा माग काढून तो शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत पोचवायचा, नाहीतर नुकसान भरून द्यायचे. त्याबद्दल गाव त्याला धान्य देई. (पहिला संशयही त्याच्यावरच येई, हे विसरू नये.) इंग्रजी अंमलात हे हक्क गेले आणि राखणदारच बंडाला उभे राहिले. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली.

रशियातही १९९१ साली साम्यवादी राजवट कोसळल्यावर कितीतरी पोलीस आणि गुप्तहेर खासगी पहारेकरी झाले. १९९२ साली त्यासाठी कायदा आला. पैसेवाल्यांची दारे राखली गेली; रस्ता कोणाचाच उरला नाही. आपल्याकडे देशभरासाठी असा कायदा २००५ साली झाला.

परवा रात्री इंदापूर रस्त्यावर एका कारखान्याच्या फाटकासमोर माझी मोटारसायकल घसरली. फाटकावर माझाच जुना विद्यार्थी गणवेशात उभा. “गुरुजी, फाटक सोडलं तर नोकरी जाईल,” तो तिथूनच म्हणाला. मी उठेपर्यंत विजेरीचा उजेड मात्र त्याने माझ्यावर धरून ठेवला.

राग आला खरा. पण जागा सोडायची नाही, हे वर्गात मीच त्याला शिकवले होते. दिवाळीला घरी ये म्हटले, तर म्हणाला, “पाडव्यापर्यंत रात्रपाळी आहे.”