कुत्र्याची जात



कार्तिकी वारी करून परतताना पुण्यास कीर्तनासाठी गेलो असता आम्ही पुतण्याच्या घरी उतरलो होतो. दार उघडताच एक काळाभोर कुत्रा शेपटी हलवीत पुढे आला. नातीने तो अनाथ प्राण्यांच्या निवाऱ्यातून दत्तक आणलेला. एक कान उभा, एक पडलेला, तोंड रुंद, पाय गावठी कुत्र्यासारखे लांब. काळा म्हणून नाव ठेवले बुक्का. हे नाव आधी आम्हांस जरा खटकलेच. वहाणा काढता काढता आम्ही विचारले, "काय गं, जात कोणती याची?"

पोर म्हणाली, "आजोबा, आज तुमचं कीर्तन चोखोबांवर आहे ना?"

आम्ही गप्प. चाळीस वर्षे जे उभे राहून सांगत आलो, ते उंबरठ्यावर विसरलो होतो.

हा प्रश्न आमचा एकट्याचा असता तर येथे लिहिले नसते. पण त्या इमारतीत याच प्रश्नावरून वाद पेटला होता. निवाऱ्याच्या कागदावर 'मिश्र' एवढेच लिहिलेले. एक शेजारी म्हणे लॅब्रेडॉरचा अंश आहे, दुसरा म्हणे अल्सेशियनचा, आणि तिसऱ्याने रुंद तोंड पाहून पिटबुल ठरविला. झाले! मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जातींच्या आणि त्यांच्या संकराच्याही कुत्र्यांवर बंदी घालण्याविषयी राज्यांना पत्र धाडले होते. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले, पण भीती मागे राहिली. "परत सोडून या" असा निरोप घरी आला. परत म्हणजे पिंजऱ्यात. आणि कशासाठी? कोणास चावला म्हणून नव्हे, तोंड रुंद म्हणून.

रात्री नातीने आम्हांस काही वाचून दाखविले. अमेरिकेत ॲरिझोना आणि सॅन डिएगो येथील निवाऱ्यांतल्या नऊशेंहून अधिक कुत्र्यांची गुणसूत्रे तपासली. तो अहवाल २०१८ चा. शुद्ध जातीची कुत्री शंभरांत पाचही निघाली नाहीत. रोज कुत्र्यांतच वावरणाऱ्या तेथल्या सेवकांनाही एकाहून अधिक जाती ओळखणे दहांत एकदाच साधले. मग आमच्या जिन्यातल्या परीक्षकांचे काय सांगावे! दुसरे संशोधन २०२२ चे. कुत्र्या-कुत्र्यांच्या स्वभावात जो फरक दिसतो, त्यांतला नऊ टक्केच काय तो जातीने उलगडतो. आणि कुत्रा डिवचल्यावर किती लवकर चिडेल, हे तर जातीवरून जवळजवळ कळतच नाही.

पाठशाळेत असताना गुरुजींनी उदयनाचार्यांची सहा जातिबाधके आमच्याकडून घोकून घेतली होती. त्यांत एक संकर. शास्त्रातला तो संकर निराळा, कुत्र्यांचा नव्हे, हे ठाऊक आहे. तरी त्या रात्री हसू आले. संकर आला की जात मानता येत नाही, हे मुखोद्गत असून आम्ही जात विचारली! श्वानत्व तेवढे निश्चित होते, ते त्याची शेपटीच सांगत होती.

कुत्र्याने भाकरी पळविली तेव्हा नामदेवराय तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा आम्ही किती वेळा रंगविली असेल. कुत्र्याचा रंग, त्याचा वेग आम्ही पदरचा घालतो. जात विचारण्याचे मात्र नामदेवरायांस सुचले नाही. धर्मराज स्वर्गाच्या वाटेवर ज्या कुत्र्यासाठी इंद्राच्या रथात पाय ठेवीना, त्याचे नावसुद्धा व्यासांनी दिलेले नाही. गीतेच्या पाचव्या अध्यायात भगवंतांनी ब्राह्मण, गाय, हत्ती यांच्या पंगतीला कुत्रा बसविला आहे, तोही असाच बिननावाचा.

कोणी म्हणेल, बुवा, कुत्र्याची जात आणि माणसाची जात एका तागडीत घालता काय? नाही घालीत. कुत्र्यांच्या जाती माणसाने नर-मादी निवडून निपजविल्या. आजच्या बहुतेक तर गेल्या दीड-दोनशे वर्षांतल्या. मेंढरे राखणाऱ्या वंशात राखणीची ओढ थोडीफार उतरते, ते खरेच आहे. माणसाच्या जातीला देहात तेवढाही आधार नाही, आणि तिच्यापायी चोखोबांना महाद्वाराबाहेर राहावे लागले.

तथापि भाबडेपणाही नको. नवख्या कुत्र्याचा पूर्वेतिहास आपणांस ठाऊक नसतो. रेबीजची लस वेळेवर द्यावी, लहान मुलाला त्याच्याजवळ एकटे ठेवू नये, जेवताना त्याच्या ताटलीत हात घालू नये. हे उंची जातीच्या कुत्र्यालाही लागू आहे.

दुसऱ्या दिवशी नातीबरोबर आम्ही दारोदार गेलो. सांगितले, जिन्यात साखळी राहील, महिनाभर त्याचे वागणे पाहा, मग बोला. बहुतेकांनी मानले. एक गृहस्थ अजूनही तो खाली गेल्याशिवाय वर चढत नाहीत. त्यांचा राग येत नाही. लहानपणी त्यांना कुत्रा कडकडून चावला होता, तो वण त्यांनी आम्हांस दाखविला.

पुतण्याने लाळेचा नमुना तपासणीला पाठविला होता. माघ वारीला निघण्याआधी त्याचा फोन आला. पाच नावे वाचली. मोठा भाग गावठी, पिटबुल कोठेच नाही. आम्हांस आनंद झाला. फोन ठेवल्यावर वाटले, ते नाव निघाले असते तर हा आनंद कोठे गेला असता? बुक्का तर तोच होता. एवढे आम्ही अजून मनाशी चाचपीत आहोत.