नक्कल म्हणजे लबाडी काय?

एखादी वस्तू तिच्याहून मोलाच्या वस्तूसारखी दिसावी म्हणून घडविली, तर ती खोटी ठरते काय? व्हिक्टोरिया राणीच्या काळातील, साच्यात दाबून केलेली काचेची भांडी हाती घेताना हा प्रश्न टाळता येत नाही.

इंग्लंडच्या सधन घरांत तेव्हा पैलूदार काचेचा मान होता. एकेक पैलू चाकावर घासून काढायचा. श्रम मोठे, किंमतही मोठी. १८२० च्या दशकात अमेरिकेत निराळी युक्ती रूढ झाली. वितळलेल्या काचेचा गोळा धातूच्या साच्यात सोडायचा, कात्रीने तोडायचा आणि तरफेने दट्ट्या खाली दाबायचा. बाहेरून नक्षी, आतून गुळगुळीत, असे भांडे क्षणार्धात तयार! इंग्लंडमध्ये काचेवर वजनानुसार अबकारी कर होता. १८४५ साली तो उठला आणि पुढे गेट्सहेड, संडरलंड, मँचेस्टर येथील भट्ट्यांतून साखरेची भांडी व लोण्याच्या बश्या सामान्यांच्या घरी पोचल्या.

रस्किनने १८५३ मध्ये मूळ पैलूदार काचेलाच रानटी ठरविले होते. तेथे तिच्या नकलेची काय कथा? मला मात्र हा न्याय कठोर वाटतो. लबाडीला फसणारा माणूस लागतो. या बश्यांवर साच्याचा सांधा बहुधा उघड दिसतो. सोअरबीचा कारखाना तर १८७६ पासून मोराच्या डोक्याचा छापही उठवीत असे. घेणाऱ्या गृहिणीला आपण काय घेतो हे पक्के ठाऊक होते. तिला थोडी शोभा हवी होती, सोंग नव्हे. (श्रीमंतांच्या इंग्रजी बश्यांवर चिनी चित्रांची नक्कल असे, तिला मात्र अभिरुची म्हणत!)

तेव्हा नकलेच्या आरोपातून ही बशी सुटते. बोच उरते ती निराळीच. १८४२ ते १८८३ या काळातील शंकरपाळ्याच्या आकाराचे नोंदणीचिन्ह भिंगातून वाचून आजचा संग्राहक त्या नक्षीची नोंद कोणत्या दिवशी झाली, हे सांगू शकतो. रात्रपाळीत तापलेली भांडी भट्टीपासून वाहून नेणाऱ्या मुलांची मात्र काचेवर कोठेच खूण नाही. कारखाना कायद्याचे बंधन काचकारखान्यांना लागू झाले ते १८६७ साली. त्याआधीच्या बशीची किंमत ठरविताना संग्राहक नक्षी पाहतो, कड टवकली नाही ना ते बोटाने चाचपतो, आणि चिन्ह स्पष्ट उमटले असेल तर थोडे अधिक पैसे मोजतो.