ओझे उतरले, पहारा राहिला

आधार : गणना ८:२३-२६



वर दिलेली चार वचने आपल्या मंडळ्यांतून क्वचितच वाचली जातात. लेव्यांची घराणी, त्यांची मोजदाद, कोणी कोणती वस्तू उचलावी ह्याच्या याद्या, हे सारे पुष्कळांस रुक्ष वाटते आणि वाचणारा पाने उलटून पुढे जातो. परंतु ज्यांचे केस पिकू लागले आहेत अशा भावांनी व बहिणींनी येथे थोडे थांबावे. देवाने आपल्या सेवकांच्या उतारवयाविषयी एक स्पष्ट नियम ह्या ठिकाणी घालून दिला आहे. लेव्याने पंचविसाव्या वर्षी दर्शनमंडपाच्या सेवेत यावे आणि पन्नासाव्या वर्षी त्या सेवेतून मोकळे व्हावे. त्यानंतर त्याने भारी काम करू नये. मात्र आपल्या भावांच्या बरोबर राहून मंडपाचे रक्षण करण्यास त्यांना साहाय्य करावे. (चौथ्या अध्यायात आरंभाचे वय तीस सांगितले आहे, ह्यावरून कित्येक शास्त्री पुष्कळ वाद घालतात, आम्हांस त्यात शिरावयाचे नाही. शेवटचे वय दोन्हीकडे पन्नासच आहे.)

हा नियम कोणी चौरंगावर बसून केलेला नाही. तो माणसाच्या खांद्याची आणि कमरेची कीव करणाऱ्याने केलेला आहे. मंडप हलवावयाचा झाला म्हणजे मरारीच्या वंशजांनी फळ्या, अडसर, खांब आणि खांबांखालच्या बैठका उचलावयाच्या. ह्यांपैकी चांदीच्या बैठका शंभर होत्या आणि एकेकीचे वजन एक किक्कार, म्हणजे सुमारे ३४ किलो भरत असे. मरारीस चार गाड्या व आठ बैल मिळाले, गेर्षोनास दोन गाड्या व चार बैल मिळाले. परंतु कहाथाच्या वंशजांस एकही गाडी मिळाली नाही, कारण पवित्र वस्तू त्यांनी खांद्यांवरच वाहावयाच्या होत्या. रानातल्या वाटेने असे ओझे पंचवीस वर्षे वाहिलेल्या मनुष्यास देव म्हणतो, आता खाली ठेव. पण तो त्यास छावणीबाहेर घालवीत नाही. ओझे उतरते, पहारा त्याच्याकडे राहतो.

उतारवयात आपली वाट बदलण्याची वेळ आली की नाही, हे कशावरून ओळखावे, असे आम्हांस वारंवार विचारण्यात येते. विचारणारे दोन प्रकारचे असतात.

पहिला प्रकार कारखान्यातील भावांचा. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे भाऊ, मुलगे किंवा जावई औद्योगिक वसाहतींत कामास आहेत. ठाणे जिल्ह्यात अंबरनाथेच्या पूर्वेस आनंदनगर म्हणून जी वसाहत आहे तिचेच उदाहरण घेऊ. पाळी बदलण्याच्या वेळी तेथील रस्त्यांवर माणसांचा लोंढा चाललेला असतो आणि त्यांत गावाकडची शेती सोडून तीस वर्षांपूर्वी आलेले चेहरे पुष्कळ असतात. ह्या माणसास वेळ ओळखावी लागत नाही. ती कागदावर लिहून येते. १९९५ साली सुरू झालेल्या कामगार निवृत्तिवेतन योजनेत ५८ हे वय धरलेले आहे. त्या सुमारास एके दिवशी शाल, श्रीफळ व भिंतीवरचे घड्याळ हाती येते, सोबती दारापर्यंत पोचवितात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भोंग्याच्या वेळेस जाग येते ती मात्र चुकत नाही. कधी कारखानाच माणसाच्या आधी संपतो. अंबरनाथेस काड्यापेट्या करणारा विमको कारखाना एके काळी कित्येक घरांची चूल पेटवीत असे. तो कारखाना आज राहिला नाही.

दुसरा प्रकार गावोगावच्या सुवार्तिकांचा, मंडळीच्या वडिलांचा व जुन्या बायबल-बायांचा. त्यांना फाटक नाही, भोंगा नाही, तारीखही नाही. आवाज बसला तरी उपदेश तेच करितात, दृष्टी मंद झाली तरी मंडळीची वही तेच लिहितात. आणि पंचविशीतला मुलगा, ज्यास वाचता येते व गाताही येते, तो मागल्या सतरंजीवर बसून वाट पाहतो, व पुढे वाट पाहणे सोडून रविवारी क्रिकेट खेळावयास जातो. एली याजकाची अवस्था आठवा. त्याचे डोळे मंद झाले होते, त्याचे पुत्र मंडपात अनाचार करीत होते, आणि तो आपल्या जागी बसून होता. तथापि त्या म्हाताऱ्याच्या पदरी एक पुण्य टाकलेच पाहिजे. रात्री शमुवेल तीन वेळा धावत आला, तेव्हा देव आता आपल्याशी बोलत नसून ह्या पोराशी बोलत आहे, हे एलीनेच ओळखले आणि उत्तर कसे द्यावे हेही त्यानेच शिकविले. आमच्या मते एलीच्या साऱ्या आयुष्यातील ते उत्तम काम होय.

आता ह्याच्या उलट बाजूही सांगितली पाहिजे, कारण उशिरा सोडणाऱ्यांइतकेच लवकर सोडणारेही आहेत. पंचांच्या सभेत कोणी उलट बोलले, आपल्याला विचारल्यावाचून नवा पेटीवाला नेमला, एवढ्यावरून 'प्रभूने मला दुसरीकडे बोलाविले आहे' असे म्हणणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत. दुखावलेल्या मनाचा आवाज फार मोठा असतो व तो पुष्कळदा देवाच्या आवाजासारखा ऐकू येतो. तसाच थकव्याचा आवाज. एलीया रानात झुडपाखाली मरण मागत बसला, तेव्हा देवाने त्याचा राजीनामा घेतला नाही. आधी भाकर दिली, मग झोप दिली, पुन्हा भाकर दिली, आणि चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर मगच विचारले, येथे काय करितोस? त्यानंतर अलीशास आपल्या जागी अभिषेक करण्याची आज्ञा झाली. म्हणून ज्वरातून उठलेल्या मनुष्याने, घरात मयत झालेल्या मनुष्याने, किंवा सभेतून रागाने घरी आलेल्या मनुष्याने त्या आठवड्यात काहीच ठरवू नये. जेवावे आणि निजावे.

मग खरी खूण कोणती? ती शब्दांनी सांगण्यापेक्षा आपल्याच महाराष्ट्रमंडळीतील एका पुरुषाच्या चरित्रात पाहावी.

रेव्ह. नारायण वामन टिळक ह्यांचा जन्म १८६१ साली झाला व १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत त्यांनी कित्येक वर्षे घालविली. त्यांची पदे आजही आपल्या उपासनेतून गाइली जातात. १९१२ पासून 'ज्ञानोदया'चा मराठी विभाग ते पाहत असत. मान होता, काम होते, ठरलेला पगार होता. अशा स्थितीत १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यस्त वृत्तीने राहावयाचे ठरविले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' ह्या नावाने एक बंधुसमाज उभारावयास आरंभ केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंस, ख्रिस्ताचे शिष्य म्हणून, त्यात स्थान होते.

ही गोष्ट एका दिवसाची लहर होती काय? टिळकांचा स्वभाव लहरी होता खरा. परंतु ही ओढ जुनी होती. ख्रिस्त आपल्या देशबांधवांस परका वाटू नये, म्हणून भजन, कीर्तन, अभंग ह्या वाटांनी ते कित्येक वर्षे धडपडत होते. परदेशीय पैशावर चालणारा उपदेशक आणि त्याचे ऐकणारे गावकरी ह्यांच्यामध्ये एक भिंत उभी राहते, हे त्यांस दिसत होते. तरुणपणी जे मनात होते तेच उतारवयात अधिक मोठ्याने बोलू लागले. आणि त्याच्या आड जे आले ते त्यांनी सोडले. येथे आम्हांस ती खूण दिसते. नवी हाक बहुधा अगदी नवी नसते. ती फार दिवसांपासून दारात उभी असते आणि आपण 'सवड झाली की' म्हणून तिला बसवून ठेविलेले असते. दुसरे असे की, टिळकांच्या ह्या पावलात त्यांना मिळावयाचे काही नव्हते, गमवावयाचे पुष्कळ होते. ज्या वळणावर आपली खुर्ची उंच होते ते वळण दहादा तपासावे. ज्यावर ती खाली येते व तरीही मन शांत राहते, त्यावर विश्वास ठेवावयास हरकत नाही.

९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळक निवर्तले. साताऱ्याचे काम दोन वर्षांचेही झाले नाही, आणि दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. ह्यावरून कोणी म्हणेल की ते पाऊल फसले. आम्ही तसे म्हणत नाही. पण ते सर्वांनी जसेच्या तसे उचलावे असेही म्हणत नाही. घरात मीठ-पीठ आहे की नाही हे न पाहता हात मोकळा सोडण्याची टिळकांची सवय लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रां'त हसत-रडत सांगितली आहे, आणि ते वाचताना आमचे मन टिळकांपेक्षा लक्ष्मीबाईंच्या बाजूस अधिक झुकते. बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले आहे. वर सांगितलेल्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम २०१४ साली महिना १००० रुपये ठरविण्यात आली. एवढ्यात दोघांचे भागत नाही हे कोणासही समजेल. तेव्हा जो भाऊ नोकरी सुटल्यावर वर्षभर दुसरीकडे पहारेकऱ्याचे काम धरितो, त्याने देवाची हाक ऐकली नाही असे कोणी म्हणू नये. आणि ज्यास हाक आली असे वाटते त्याने ती प्रथम चुलीपाशी बसलेल्या माणसास सांगावी. तेथे ती टिकली तर मंडळीपुढे मांडावी.

लक्ष्मीबाईंस मात्र वेळ ओळखण्याची सवडच मिळाली नाही. पती गेले तेव्हा त्या पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, पतीच्या हाताखाली. त्यांचे वळण त्यांच्यावर येऊन कोसळले. अशीच गोष्ट आनंदनगरापासून जवळच असलेल्या उल्हासनगरात हजारोंची झाली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधेतून आलेले लोक कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत उतरले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्यांनी घरदार, दुकान, जमीन मागे टाकली होती, त्यांत वृद्धही होते, आणि त्या वयात परक्या भाषेच्या मुलखात त्यांस पहिल्यापासून आरंभ करावा लागला. अशांस 'वेळ आली आहे काय?' असे विचारणे ही थट्टाच होय. त्यांच्यापुढे प्रश्न एवढाच असतो की, आता हातात काय उरले आहे?

लक्ष्मीबाईंच्या हाती पतीचे एक अपुरे काव्य उरले होते. 'ख्रिस्तायन' टिळकांनी १९०९ च्या सुमारास आरंभिले होते व त्याचे दहाएक अध्याय झाले होते. बाईंनी त्यास ६४ अध्याय जोडिले. 'स्मृतिचित्रे' पुस्तकरूपाने निघू लागली ती १९३४ साली, म्हणजे बाईंच्या वयास सहासष्ट वर्षे होत असताना. १९३६ साली त्या वारल्या. जिने वाचावयास उशिरा शिकले तिने ओझे वाहण्याचे वय संपल्यावर मराठी भाषेस असे पुस्तक दिले की ते ख्रिस्ती नसलेल्या घरांतूनही आवडीने वाचले जाते. आमच्या वृद्ध भगिनींनी हे विशेषेकरून लक्षात घ्यावे, कारण 'आता आमच्याने काय होणार' हे वाक्य आम्ही त्यांच्याच तोंडून अधिक ऐकतो.

लेव्याकडे पहारा राहिला असे आम्ही वर म्हटले. गावच्या मंडळीत पहारा म्हणजे काय, हे कोणी विचारील. जुन्या सुवार्तिकास ठाऊक असते की कोणत्या दोन घरांचे बोलणे कोणत्या बांधावरून बंद झाले. कोणती विधवा उपास घडला तरी सांगत नाही. कोणाचा मुलगा शहरास गेल्यापासून पत्र नाही. हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. नव्या पाळकास ते शिकावयास दहा वर्षे लागतील, आणि म्हातारा त्याच्याबरोबर दहा संध्याकाळी घरोघर चालला तर ते दहा दिवसांत मिळेल. मात्र चालताना म्हाताऱ्याने अर्धे पाऊल मागे राहावे व दार ठोठावणे तरुणावर सोडावे. वही, किल्ली व वर्गणीची पेटी त्याने आपल्या हाताने, आपले डोळे चांगले असतानाच, मंडळीदेखत द्यावी. ज्यांच्याकडून त्या वस्तू मरणानंतर उशाखालून काढाव्या लागतात त्यांच्याविषयी मंडळीत फार दिवस बरे बोलले जात नाही.

शेवटी बर्जिल्लय गिलादी ह्याची गोष्ट सांगून थांबतो. ती २ शमुवेल १९ व्या अध्यायात आहे. अबशालोमाच्या बंडात दावीद राजा रानोमाळ झाला असता ह्या श्रीमंत वृद्धाने महनाईमास त्याच्या लोकांस अन्न पुरविले होते. बंड मोडले आणि राजा परत निघाला. तेव्हा त्याने बर्जिल्लयास म्हटले की, माझ्याबरोबर यरुशलेमेस चल, मी तुला सांभाळीन. हीही एक नवी वाटच होती, आणि मोठ्या मानाची होती. पण बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा होता. आपल्या जिभेस चव राहिली नाही, कानास गाणाऱ्यांचा स्वर लागत नाही, मी राजास भार कशाला व्हावे, असे त्याने मोकळेपणी सांगितले आणि आपल्या आईबापांच्या कबरेजवळ मरावयास घरी जाण्याची परवानगी मागितली. मात्र तो रिकाम्या हाताने परतला नाही; किम्हाम नावाच्या एका तरुणास त्याने पुढे केले व ह्याला न्या असे म्हटले. यार्देनेच्या तीरावर राजाने म्हाताऱ्याचे चुंबन घेऊन त्यास आशीर्वाद दिला, आणि म्हातारा गिलादास परत गेला. किम्हाम राजाबरोबर नदी उतरून गेला. चारशे वर्षांनंतरच्या गोष्टी सांगताना यिर्मयाच्या पुस्तकात, ४१ व्या अध्यायात, बेथलेहेमाजवळच्या एका उताराच्या ठिकाणाचा उल्लेख येतो. मिसराकडे निघालेले भ्यालेले लोक तेथे मुक्कामास थांबले होते. त्या ठिकाणास किम्हामाचे नाव होते.