अनुभवाचा अधिकार व अनुभवाचें ऋण

दिनांक ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं महाराष्ट्रांतील ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्‌घाटन झालें, त्यांत वाशीमचें एक होतें. १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून निराळा झालेला हा जिल्हा. मानोऱ्याचा असो कीं रिसोडचा, दुखणें हाताबाहेर जातांच अकोल्याची वाट धरावयाची, एवढेंच येथील माणूस इतकीं वर्षें शिकलेला. तेव्हां महाविद्यालय आलें याचा आनंद घरोघर झाला असल्यास त्यांत नवल नाहीं. इमारत कोठें, विद्यार्थी किती, मोठे डॉक्टर कोठून येणार, या प्रश्नांचा खल ओट्याओट्यांवर झाला. परंतु मोठ्या रुग्णालयाबरोबर परिचारिकांची एक नवी पिढीही येत राहील, आणि वीस-पंचवीस वर्षें रात्रपाळ्या केलेल्या जुन्या परिचारिकांच्या हाताखालीं ती उभी राहील, इकडे फारसें कोणाचें लक्ष गेलेलें आम्हांस दिसलें नाहीं. या दोघींचें पटतें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां रुग्णालयाच्या चार भिंतींतला वाटतो. आमच्या मतें तो तसा नाहीं. ज्यानें सोसलें त्यास दुसऱ्याला सोसावयास लावण्याचा अधिकार पोंचतो काय, हा जुना नीतिप्रश्न त्यांत दडलेला आहे. आणि त्याच्या उत्तरावर उशाशीं सलाईन टांगलेल्या रोग्याचा जीव अवलंबून आहे.

प्रसंग कोणत्याही रुग्णालयांतला घ्यावा. नवी मुलगी पहिल्याच महिन्यांत रात्रपाळीला येते. वॉर्डांत चाळीस रोगी. दोन खाटांच्या मध्यें जमिनीवर आणखी गाद्या. ती कांहीं विचारावयास जाते, तों थोरल्या सिस्टर सर्वांदेखत म्हणतात, “चार वर्षें कॉलेजांत काय केलेंस? एवढेंही येत नाहीं?” रोग्याचे नातेवाईक हंसतात. मुलगी ओशाळते आणि त्या रात्रीपासून एक गोष्ट शिकते: विचारूं नये. दिवाळीची रजा तिला नाहीं, लागोपाठच्या रात्रपाळ्या तिला, आणि पाळी बदलतांना जी माहिती सांगावयाची तींतली निम्मी सांगितलीच जात नाहीं. वर्षभरानें ती एक तर नोकरी सोडते, नाहीं तर घट्ट होते. घट्ट झालेली दहा वर्षांनीं थोरली होते, आणि नव्या मुलीला सर्वांदेखत विचारते, “कॉलेजांत काय केलेंस?”

हा प्रकार एकट्या वऱ्हाडांतला नव्हे. अमेरिकेंत ज्यूडिथ माइसनर या बाईंनीं १९८६ सालीं परिचारिकांच्या एका मासिकांत, आपण आपलींच पिलें खात आहों काय, असा प्रश्न परिचारिकांनाच विचारला. तो इतका जिव्हारीं लागला कीं त्या व्यवसायांत त्याची म्हण होऊन बसली. आम्हां मराठी वाचकांस मात्र तो समजावयास परदेशीं जाण्याची गरज नाहीं. आपल्या माजघरांत हें नाटक शतकानुशतकें चाललें. जी सून म्हणून रडली, तीच सासू होऊन रडवूं लागली. आणि ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ म्हणून आपण त्यावर न्यायाचा शिक्का मारून ठेवला. या न्यायांत एक खोट आहे ती कोणी पाहत नाहीं. सुनेला तिचे चार दिवस मिळतात खरे, पण ते ज्या सासूनें छळलें तिच्याविरुद्ध नव्हे. ते मिळतात पुढच्या निरपराध सुनेविरुद्ध. ज्यानें घेतलें त्याच्याकडून येणें वसूल न करतां, ज्यानें कांहींच घेतलें नाहीं त्याच्याकडून तें वसूल करणें, यास सावकारींतही न्याय म्हणत नाहींत.

येथें जुन्या परिचारिकेची बाजू न ऐकतां निकाल देणें योग्य होणार नाहीं. ती म्हणते, आणि तें खोटें नाहीं, कीं पदवी हातांत असली म्हणजे हात तयार होतो असें नाहीं. पॅट्रिशिया बेनर या विदुषीनें १९८४ सालच्या आपल्या ग्रंथांत परिचारिकेच्या वाटचालीच्या पांच पायऱ्या सांगितल्या आहेत. तिचें म्हणणें असें कीं नवशिकी नियमावर चालते, आणि मुरलेली परिचारिका समग्र परिस्थिति एका दृष्टिक्षेपांत ओळखते. रोग्याचा रंग किंचित् बदललेला पाहून, यंत्रानें कांहीं सांगण्यापूर्वींच, ती डॉक्टरांस हांक मारते. हें ज्ञान पुस्तकांत नसतें. तें रात्रीं जागून, चुका करून, कांहीं मृत्यु डोळ्यांनीं पाहून मिळविलेलें असतें. अशा बाईस काल आलेली मुलगी, “आम्हांला असें शिकविलेलें नाहीं,” असें तोडून सांगते, तेव्हां तिच्या आयुष्याचीच किंमत कोणी शून्य लावल्यासारखें तिला वाटतें. जुनी तीन वर्षांच्या पदविकेची, नवी चार वर्षांच्या पदवीची. कागदावर नवी वरचढ, कामावर जुनी. या दोन मापांची गांठ पडली कीं ठिणगी उडावयाचीच.

त्यांत सरकारी व्यवस्थेनें आपली भर घातलेली आहे. १ नोव्हेंबर २००५ च्या पूर्वीं जी राज्यसेवेंत लागली तिला जुनें निवृत्तिवेतन. नंतर जी लागली तिला तें नाहीं, आणि म्हणूनच २०२३ च्या मार्चांत कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला. त्याखेरीज राष्ट्रीय आरोग्य अभियानाखालीं कंत्राटावर घेतलेल्या मुली निराळ्याच. काम एकच, वॉर्ड एकच, रोगी तेच, पण उद्यांची शाश्वति वेगवेगळी. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बालकें दगावलीं. पुढें कारवाई झाली तींत कायम नोकरीवाल्यांच्या वाट्याला निलंबन आलें, कंत्राटी परिचारिकांच्या वाट्याला सेवासमाप्ति. दोष कोणाचा किती, हें ठरविणें आमचें काम नव्हे. परंतु एकाच रात्रीच्या एकाच प्रसंगांतून दोघींना दोन प्रकारचीं फळें मिळतात हें जिनें पाहिलें, ती शेजारच्या खाटेजवळ उभ्या असलेल्या सहकारिणीवर विश्वास कसा टाकणार? माणसें कमी आणि रोगी फार असे जेथें आहे, तेथें शिकवावयास लागणारा वेळ कोणाजवळच नसतो. आणि वेळ नसला म्हणजे मनुष्य समजावून सांगण्याऐवजीं ओरडतो. तेव्हां सर्व पाप जुन्या परिचारिकेच्या माथीं मारून सरकारला मोकळें सोडणें हा अन्याय होईल, हें आम्ही स्पष्ट सांगतों.

इतकें मान्य केल्यावरही मूळ प्रश्न उरतोच. व्यवस्था वाईट आहे म्हणून आपण वाईट व्हावें काय? जुन्या परिचारिकेच्या मनांत बहुधा दोन समर्थनें असतात. तीं एकमेकांत मिसळलेलीं असल्यामुळें बळकट वाटतात. निरनिराळीं केलीं म्हणजे त्यांचें बळ कळतें. पहिलें असें कीं, कठोरपणावांचून हें काम येत नाहीं. दुसरें असें कीं, आम्हीं सोसलें तें यांनींही सोसावें. पैकीं पहिलें शिक्षणाविषयींचें विधान आहे, दुसरें सूडाविषयींचें. पहिलें खरें असेल तर ज्या कठोरपणानें काम येतें तेवढाच योग्य ठरतो, अधिक नाहीं. दुसऱ्याला अशी सीमाच नाहीं.

एक उदाहरण घेऊं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन शक्तींच्या येतात: एका मिलिलिटरांत ४० एककें असलेली आणि १०० एककें असलेली. त्यांच्या सिरिंजाही निराळ्या. ४० च्या सिरिंजेचें टोपण लाल, १०० च्या सिरिंजेचें नारिंगी. १०० च्या बाटलींतलें औषध लाल टोपणाच्या सिरिंजेनें मोजून दिलें, तर रोग्याला अडीचपट मात्रा जाते, साखर एकदम उतरते, आणि झोंपेंतला रोगी झोंपेंतच बेशुद्ध होतो. नव्या मुलीनें चुकीची सिरिंज उचलली आणि थोरलीनें तिचा हात जागच्या जागीं धरला, प्रसंगीं दरडावलेंही, तर तो कठोरपणा आम्ही शिरसावंद्य मानूं. कारण त्याचें लक्ष्य रोगी आहे. पण नव्या मुलीला शंका आली, ती विचारावयास आली, आणि “एवढेंही कळत नाहीं?” म्हणून तिला परत धाडलें, तर पुढच्या वेळीं ती विचारणार नाहीं, अंदाजानें देईल. त्या कठोरपणाचें लक्ष्य मुलीचा अभिमान होता. घाव मात्र रोग्यावर पडला. आमच्या मतें कठोरपणाची कसोटी हीच. बोलून झाल्यावर रोगी अधिक सुरक्षित झाला काय? झाला असेल तर ती शिस्त. नाहीं तर तो अपमान, मग त्याला अनुभवाचा कितीही मुलामा असो.

दुसरें समर्थन तर जुन्यांच्या स्वतःच्याच इतिहासापुढें टिकत नाहीं. १८९१ सालीं मुंबईस परिचर्येचें शिक्षण घ्यावयास पुढें आलेल्या काशीबाई गणपत यांचें नांव पहिल्या हिंदी शिक्षित परिचारिका म्हणून सांगतात. रमाबाई रानडे यांनीं १९०९ सालीं पुण्यास सेवासदन काढलें आणि तेथील बायका ससून रुग्णालयांत हें काम शिकूं लागल्या, तेव्हां परक्याच्या अंगाला हात लावणें, रात्रीं घराबाहेर राहणें, याबद्दल समाजानें त्यांस काय म्हटलें असेल, याची कल्पना आमच्या आजींच्या पिढीस होती. त्यांनीं हें सर्व सोसलें तें कशासाठीं? पुढच्या बायांनींही तसेंच सोसावें म्हणून? तसें असतें तर त्यांनीं वाट पाडलीच नसती. दार उघडून पुन्हां आंतून कडी लावली असती. वाट पाडणाऱ्याच्या पायांत कांटे मोडतात ते मागून येणाऱ्याच्या पायांत मोडूं नयेत म्हणून. तोच त्या सोसण्याचा अर्थ. दुसरा अर्थ लावला कीं तें सोसणें व्यर्थ जातें.

मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग यांची हकीकत वाचकांस माहीत आहे. नोव्हेंबर १९७३ मध्यें कामाच्या ठिकाणींच झालेल्या क्रूर हल्ल्यानें त्यांचें भान कायमचें गेलें आणि १८ मे २०१५ रोजीं त्यांचा देह पडला. मधल्या ४१ वर्षांहून अधिक काळ त्याच रुग्णालयांतील परिचारिकांनीं त्यांना सांभाळलें. ७ मार्च २०११ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानेंही या सेवेची मुक्तकंठानें प्रशंसा केली. आम्ही या प्रसंगांतून एकच गोष्ट पाहूं इच्छितों. ज्यांनीं अरुणाबाईंबरोबर काम केलें होतें त्या यथाकाल निवृत्त झाल्या. शेवटच्या वर्षांत ज्यांनीं त्यांना भरविलें, कूस पालटली, त्यांपैकीं कित्येकींचा १९७३ मध्यें जन्मही झालेला नसेल. मग ही माया त्यांच्यापर्यंत पोंचली कशी? ती एका हातानें दुसऱ्या हाताला दिली. जुन्या परिचारिकेनें नवीला खाटेजवळ नेलें आणि सांगितलें, ही आपली आहे, हिला असें धरावयाचें. वारसा देतां येतो याला यापेक्षां मोठा पुरावा नको. पण अपमानही याच मार्गानें पुढें जातो. रस्ता एकच आहे. त्यावरून काय धाडावयाचें हें धाडणारीच्या हातीं.

नव्या मुलींसही दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे. जुनीला नवें यंत्र चालवितां येत नाहीं म्हणून तिला कांहींच येत नाहीं असें मानणें, हा अडाणीपणाच. तो सुशिक्षित असल्यामुळें अधिक दुखवितो इतकेंच. आणि जुनीनेंही हें ध्यानीं घ्यावें कीं शिकविणें एकाच दिशेनें होत नसतें. मानोऱ्याकडच्या तांड्यावरून आलेली म्हातारी आपल्या गोरमाटी बोलींत पोटांतलें दुखणें सांगते, तेव्हां त्याच तांड्यांतली नवी मुलगी वॉर्डांत असेल, तर त्या घटकेपुरती गुरु तीच.

अनुभवानें अधिकार येतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु तो अधिकार मालकाचा नसून ऋणकोचा आहे. थोरलीला जें येतें तें तिनें एकटीनें मिळविलेलें नाहीं. कोणी तरी एका रात्रीं तिच्याही थरथरत्या हातावर हात ठेवून शीर दाखविली होती. ज्यांनीं तसें केलें त्या आतां बहुतेक निवृत्त झाल्या. त्यांचें देणें त्यांना फेडतां येणार नाहीं. तें पुढच्या मुलीलाच फेडावें लागतें. ज्यांनीं उलट अपमान केला, त्यांचें येणेंही आतां वसूल व्हावयाचें नाहीं. तें सोडून देण्यांतच मोठेपणा आहे. पदें भरणें, कंत्राटाचा अन्याय दूर करणें, हें सरकारचें काम. त्यासाठीं जुनींनीं व नवींनीं एकत्र भांडावें, एकमेकींशीं भांडूं नये. मात्र नवी मुलगी पहिल्या रात्रीं पहिला प्रश्न विचारील तेव्हां तिला काय उत्तर द्यावयाचें, हें कोणत्याही सरकारी ठरावाची वाट न पाहतां, थोरल्या सिस्टरांना आज रात्रींच ठरवितां येईल.